मंजूर झालेलं अनुदान पेलताना

तालुक्याच्या गावी भाड्याच्या दोन खोल्यांत चालणारी एक संस्था डोळ्यांसमोर आणा. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातल्या पाड्यांवर ती कुपोषित मुलांसाठी काम करते. सहा कार्यकर्त्या (त्यांतलीच एक पर्यवेक्षिका), एक संस्थापक-सचिव, हिशेब लिहायला संध्याकाळी दोन तास येणारा एक मुलगा आणि ऑडिटपुरते भेटणारे सीए, एवढाच तिचा पसारा. ही संस्था मी उदाहरणासाठी रचली आहे, पण तिच्या कपाटातल्या फायली महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांच्या कपाटात सापडतील. समजा, एका कंपनीने तिला एका वर्षासाठी १२ लाख रुपये द्यायची तयारी दाखवली आहे. या पैशाबरोबर शेवटपर्यंत चालत गेलं की छोट्या संस्था नेमक्या कुठे अडतात ते दिसतं. पाड्यावरच्या कामात त्या सहसा कमी पडत नाहीत. अनुदान मागणं आणि सांभाळणं हेच एक स्वतंत्र काम आहे, त्याला माणूस लागतो आणि त्या माणसाचा पगार द्यायला कोणी तयार नसतं. माझ्या मते बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे.

पहिली पायरी कागदपत्रांची. महाराष्ट्रातली संस्था बहुधा १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या दोन्हींखाली नोंदलेली असते. त्यावर संस्थेला स्वतःला करसवलत मिळावी म्हणून आयकर खात्याची १२ए, म्हणजे आताची १२एबी, नोंदणी. देणगीदाराला करसवलत मिळावी म्हणून ८०जी. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांकही लागतो. (आयकराची ही कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात त्यांचे क्रमांक बदलतात, पण संस्थांच्या बोलण्यात जुनेच क्रमांक आहेत, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत.) पूर्वी १२ए एकदा मिळाली की मिळाली. २०२१ पासून ठरावीक वर्षांनी ती पुन्हा मागावी लागते. २०२५ च्या वित्त कायद्याने ज्यांचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत आहे, अशा संस्थांसाठी ही मुदत पाचाची दहा वर्षं केली. छोट्यांना हा खरा दिलासा आहे. ८०जीच्या नूतनीकरणाची तारीख मात्र वेगळी लक्षात ठेवावी लागते, आणि ती लक्षात ठेवणारा माणूस दोन तासांपुरता येतो.

या सगळ्या कागदांत एकाची चर्चा फार कमी होते आणि अडवणूक मात्र त्याच्यापाशी हमखास होते. तो म्हणजे धर्मादाय कार्यालयातला ‘शेड्युल वन’चा उतारा. त्यावर संस्थेच्या विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलला, वारला किंवा त्याने राजीनामा दिला, तर कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. अर्ज मंजूर होऊन नोंद होईपर्यंत उताऱ्यावर जुनीच नावं राहतात. आता आपल्या संस्थेचं पाहू. अध्यक्ष वारले, नवे निवडले गेले, सभेच्या इतिवृत्तात ठराव नीट लिहिला गेला. बदल अर्ज मात्र ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हणत राहून गेला. पुढची निवडणूक आली, तिचाही अर्ज करायचा होता, पण आधीचाच झालेला नाही म्हणून तोही अडला. बँकेत सह्या तिसऱ्याच दोघांच्या. कंपनीसाठी छाननी करणारी व्यक्ती मुंबईत बसून उतारा, ठराव आणि बँकेचं पत्र शेजारी शेजारी ठेवते. तीन कागदांवर नावांचे तीन संच दिसतात, आणि अर्ज बाजूला पडतो. संस्थेत कोणी पैसा खाल्लेला नसतो. कार्यालयीन काम करायला हात नव्हते, इतकंच झालेलं असतं. छाननी करणाऱ्याला हे दोन्ही सारखेच दिसतात, याचं मला वाईट वाटतं.

नव्या संस्थेची अडचण याच्याही आधीची आहे. सीएसआरचा निधी राबवायचा तर कंपनीने किंवा सरकारने स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. परदेशी निधी घेण्यासाठी एफसीआरएची नोंदणी हवी असेल तर तीन वर्षांचं अस्तित्व आणि त्या काळात मूळ कामावर झालेला १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणजे पहिली तीन वर्षं ओळखीच्या लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या खिशावर काढायची. शहरातल्या, चांगल्या ओळखी असलेल्या माणसाने काढलेली संस्था ही वर्षं तरून जाते. पाड्यावरच्या मुलीने काढलेली संस्था बहुतेकदा इथेच थांबते.

कागद जमले, आता प्रस्ताव. तो बहुधा इंग्रजीत, ऑनलाइन आणि अक्षरमर्यादेच्या चौकटींत भरायचा असतो. उद्दिष्ट, त्यासाठीच्या कृती, त्यातून होणारी निष्पत्ती आणि ती मोजायचे निदर्शक, अशी त्याची रचना असते. ही रचना मला चुकीची वाटत नाही. पैसे देणाऱ्याला काय बदललं ते कळायला हवंच. पण ‘बायका आता पोराला दवाखान्यात न्यायला बिचकत नाहीत’ हे कार्यकर्ती ठामपणे सांगते, तेव्हा चौकट विचारते, किती टक्के बायका, सुरुवातीला किती होत्या, आणि हे मोजलं कसं?

मोजणं म्हणजे काय ते जवळून पाहू. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, पट्टी गुंडाळायची. दंडघेर ११५ मिलिमीटरच्या खाली भरला तर ते मूल तीव्र कुपोषित. पट्टी सैल धरली तर मूल धडधाकट ठरतं, घट्ट ओढली तर उगाच कुपोषितांच्या यादीत जातं. म्हणून दोन कार्यकर्त्यांची मोजणी एकमेकींशी ताडून पाहावी लागते. काम सुरू होण्याआधी सगळ्या पाड्यांवर ही मोजणी झाली, तिच्या नोंदी वहीतून संगणकात चढल्या आणि कोणीतरी त्या तपासल्या, तरच तिला बेसलाइन म्हणता येतं. यात कार्यकर्त्यांचे आठवडे जातात. आणि हे सगळं अनुदान मंजूर होण्याआधी, प्रस्ताव भरतानाच मागितलं जातं. मंजुरीआधीच्या खर्चाला अनुदानातून पैसे मिळत नाहीत. अनुभवी देणगीदार पहिले दोन महिने बेसलाइनसाठी राखून ठेवतात आणि प्रस्तावात अंदाजे आकडे चालवून घेतात. ही पद्धत सर्रास व्हायला हवी.

यानंतर बजेट. माझ्या मते संस्थेचं बरं-वाईट इथेच ठरतं, म्हणून इथे जरा थांबतो.

१२ लाखांत कार्यकर्त्यांचं मानधन, प्रवास, प्रशिक्षण, पोषण साहित्य हे खर्च सरळ दिसतात. त्यांच्या मागे न दिसणारे खर्च असतात. खोल्यांचं भाडं आणि वीज, हिशेबनीस, ऑडिटची फी, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं शुल्क, सचिवांचे अहवालात आणि बैठकांत जाणारे दिवस, बंद पडलेला संगणक. आपल्या संस्थेत या प्रकल्पाच्या वाट्याला असे १ लाख ८० हजार येतात असं धरू. म्हणजे १५ टक्के. देणगीदाराच्या नमुन्यात मात्र ‘प्रशासकीय खर्च कमाल ५ टक्के’ असं छापलेलं असतं. ५ टक्के म्हणजे ६० हजार. उरलेले १ लाख २० हजार कुठून येणार, हे कोणी विचारत नाही.

हा ५ टक्क्यांचा आकडा आला कुठून? सीएसआरच्या नियमांत ती मर्यादा खरोखर आहे, पण ती कंपनीसाठी आहे. कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर केलेला खर्च वर्षाच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त नसावा, असा तो नियम. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्यात धरलेलाच नाही. राबवणाऱ्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च या ५ टक्क्यांत येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या प्रश्नोत्तरांतून स्पष्टही केलं. तरीही हा आकडा कंपनीकडून संस्थेच्या बजेटवर सरकला आणि तिथेच बसला. संस्थेच्या सचिवाने हा नियम पाठ करून ठेवावा आणि वाटाघाटीत नम्रपणे पुढे करावा. कित्येकदा समोरच्याने तो कधी वाचलेलाच नसतो.

कमी पडलेले १ लाख २० हजार प्रत्यक्षात असे भरून निघतात. सचिव मानधन घेत नाहीत. हिशेबनीस पूर्णवेळ नेमला जात नाही. दिवसभर डोंगर चढून आलेली पर्यवेक्षिका रात्री अहवाल लिहिते. संगणक दुरुस्त होत नाही. वर्षअखेरच्या उत्पन्न-खर्च पत्रकात प्रशासकीय खर्च ५ टक्केच दिसतो आणि पुढचा देणगीदार म्हणतो, ‘गेल्या वर्षी तर एवढ्यात भागलं होतं!’ अमेरिकेत ॲन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या एका लेखात या फेऱ्याला संस्थांच्या उपासमारीचं चक्र म्हटलं होतं. भारतात ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने २०२० मध्ये ३८८ संस्थांना विचारलं, तेव्हा ८३ टक्के संस्थांनी असे अप्रत्यक्ष खर्च भरून मिळवताना ओढाताण होते असं सांगितलं. म्हणजे हा नंदुरबारच्या एका सचिवाचा दोष नाही.

बजेट मान्य झालं, करार झाला. आता पैसे हप्त्यांनी येतात. हप्ते ४०, ४० आणि २० टक्क्यांचे, आणि दर महिन्याचा खर्च १ लाख धरू. पहिल्या हप्त्याचे ४ लाख ८० हजार आले. चार महिन्यांत ४ लाख खर्च झाले की दुसऱ्या हप्त्याची मागणी करता येते, कारण बहुतेक करारांत आधीच्या हप्त्यातले ७५ ते ८० टक्के खर्च झाल्याचं दाखवावं लागतं. व्हाउचरं जुळवायला आणि सीएंची सही मिळायला तीन आठवडे, कंपनीकडच्या मंजुरीला दीड-दोन महिने. सातव्या महिन्याच्या मध्यावर पैसे आले तर नशीब. तोवर पाचव्या महिन्याअखेर २० हजार कमी पडलेले असतात, सहाव्याअखेर १ लाख २० हजार, आणि सातव्याच्या मध्यापर्यंत जवळपास १ लाख ७० हजार. शेवटी आणखी एक खड्डा येतो. २० टक्क्यांचा अखेरचा हप्ता, म्हणजे २ लाख ४० हजार, अंतिम अहवाल मान्य झाल्यावर मिळतो. तो खर्च संस्थेने आधी आपल्या पैशातून करायचा असतो.

संस्थेकडे ‘आपला पैसा’ नसतो. बँकेत दुसऱ्या अनुदानाचे ३ लाख पडून असतात, पण ते त्या कामालाच बांधलेले असतात. इकडचं तिकडे फिरवलं तर कराराचा भंग होतो, आणि परदेशी निधी असेल तर कायद्याचाच. मग कार्यकर्त्यांचं मानधन थकतं. महिना आठ-नऊ हजारांवर घर चालवणारी बाई दोन महिने वाट पाहते आणि तिसऱ्या महिन्यात दुसरं काम शोधते. तिच्याबरोबर पाड्यावरचा विश्वास आणि दंडघेर मोजायचं कौशल्य दोन्ही जातात. प्रकल्प बिघडण्याची सुरुवात पुष्कळदा अशी होते, आणि अहवालात तिची नोंद ‘कर्मचारी गळती’ एवढीच होते. याला साधा उपाय आहे. करार करतानाच पहिला हप्ता मोठा मागावा, निदान ५० टक्के, आणि शेवटचा १० टक्क्यांवर आणावा. कंपनीला यात एक पैसाही जास्त पडत नाही.

आता व्हाउचरं. एका पाड्यावर मातांचं प्रशिक्षण झालं. जीप केली, चहा-नाश्ता झाला, स्वयंपाक करणाऱ्या दोघींना पैसे दिले. जीपवाल्याकडे पावतीपुस्तक नाही. चहावाल्याने कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. संस्थेने स्वतःचं व्हाउचर करायचं, त्यावर तारीख, गाव, कारण, गाडीचा नंबर, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा, खर्च मंजूर करणाऱ्याची सही आणि अनुदानाचं हेड लिहायचं, मागे उपस्थितीचा कागद आणि फोटो जोडायचे. हे त्याच दिवशी झालं तर दहा मिनिटांचं काम. सहा महिन्यांनी करायला बसलं तर कोणालाच काही आठवत नाही, आणि तिथून अंदाजाने सह्या घेण्याचा मोह सुरू होतो. प्रामाणिक संस्थेचा हिशेब संशयास्पद होतो तो इथे. शिवाय एका व्यक्तीला एका दिवसात रोखीने १० हजारांपेक्षा जास्त दिले तर आयकराच्या दृष्टीने तो धर्मादाय कामावरचा खर्च धरला जात नाही. टीडीएस कापायचा राहिला तर त्या खर्चातली ३० टक्के रक्कम तशीच धरली जात नाही. हे हिशेब लिहिणाऱ्या त्या मुलाला कोणी सांगितलेलं असतं का? बहुधा ऑडिटच्या वेळीच कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

मार्च महिना तर वेगळाच. संस्थेला पैसे दिले म्हणजे कंपनीचा सीएसआर खर्च झाला असं होत नाही, संस्थेने ते प्रत्यक्ष वापरले पाहिजेत. चालू प्रकल्पाचा न वापरलेला पैसा कंपनीला ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात टाकावा लागतो. त्यामुळे मार्चमध्ये उपयोगिता प्रमाणपत्रासाठी फोनवर फोन येतात, आणि त्याच महिन्यात एखाद्या दुसऱ्या कंपनीचे पैसे अचानक जमाही होतात. पण संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी कामावर लावायचे असतात. २८ मार्चला आलेले ५ लाख ३१ मार्चपर्यंत कोणतं काम संपवणार? यासाठी कायद्यात सोय आहे. फॉर्म ९ए किंवा फॉर्म १० भरून खर्च पुढच्या काळात नेता येतो. तो फॉर्म विवरणपत्राच्या बराच आधी भरायचा असतो, आणि राहिला तर कराची नोटीस येते. म्हणून मार्चमध्ये पैसे आले की त्याच आठवड्यात सीएंना फोन करावा, ऑडिटची वाट पाहू नये.

सरकारी अनुदानात हे सगळं आहेच, वर आणखी काही. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणे उपयोगिता प्रमाणपत्र १२-ए नमुन्यात द्यावं लागतं आणि अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याजही सरकारजमा करावं लागतं. परदेशी निधीच्या अटी आणखी वेगळ्या. त्याचं पहिलं खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. त्यातल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा एफसीआरएच्या २०२० च्या दुरुस्तीने ५० वरून २० टक्क्यांवर आली. पण छोट्यांना जास्त फटका बसला तो दुसऱ्या बदलाचा. एका संस्थेने परदेशी निधी दुसरीला देणंच त्या दुरुस्तीने बंद झालं. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था देणगीदाराशी इंग्रजीत पत्रव्यवहार करायची, अहवाल लिहायची, ऑडिट सांभाळायची, आणि दुर्गम भागातली छोटी संस्था गावात काम करायची. पैशाबरोबर कामही वाटलं जायचं. आता तो सगळा भार छोट्या संस्थेने एकटीने उचलायचा.

अशी तीन अनुदानं एकदम असली की पर्यवेक्षिकेचा पगार तीन ठिकाणी विभागला जातो, ४० टक्के इथे, ४० तिथे, २० आणखी कुठे. तिने महिन्याचा वेळतक्ता भरावा लागतो, तोही खरा. तीन वेगळ्या नमुन्यांत तीन तिमाही अहवाल जातात. पाड्यावरची मुलं तीच, आकडे मात्र तीनदा वेगवेगळ्या वयोगटांत मोडून द्यायचे. देणगीदारांनी एकमेकांचे नमुने चालवून घेतले, तर पर्यवेक्षिकेचे महिन्यातले कित्येक दिवस मुलांसाठी मोकळे होतील. हे फार मोठं मागणं नाही.

मग छोट्या संस्थेने काय करावं? अर्ज करण्याआधी अनुदान सांभाळण्याचा खर्च कागदावर मांडावा. अहवाल किती, भेटी किती, ऑडिट वेगळं आहे का, हप्ते कसे, मधला खड्डा केवढा. ३ लाखांच्या अनुदानासाठी दर महिन्याला अहवाल आणि वेगळं ऑडिट मागणाऱ्याला विश्वस्तांनी नाही म्हणावं, आणि का ते कळवावं. पैसे नाकारण्याचा ठराव मांडायला धैर्य लागतं, हे मला मान्य आहे. साध्या, न बांधलेल्या देणग्यांतून तीन महिन्यांच्या मानधनाएवढी गंगाजळी आधी उभी करावी. गावातल्या शिक्षकांकडून, व्यापाऱ्यांकडून, पुण्या-ठाण्यात नोकरीला गेलेल्या पोरांकडून वर्षाला हजार-दोन हजार गोळा करणं हे मोठ्या प्रस्तावाइतकंच महत्त्वाचं काम आहे. त्या देणग्यांचं १०बीडी विवरण ३१ मेच्या आत भरायला मात्र विसरू नये, नाहीतर देणगीदाराची करसवलत जाते आणि पुढच्या वर्षी तो देत नाही.

आणि हिशेबनीस. एका छोट्या संस्थेला पूर्णवेळ जाणता हिशेबनीस परवडत नाही, पण एकाच तालुक्यातल्या चार-पाच संस्थांना मिळून परवडतो. प्रत्येकीने आपल्या प्रत्येक अनुदानाच्या बजेटमध्ये ‘हिशेब व अहवाल सेवा’ असं उघड हेड टाकायचं आणि त्यातून त्याचा पगार वाटून द्यायचा. सोमवार एका संस्थेचा, मंगळवार दुसरीचा. तो आठवड्याला व्हाउचरं पाहील, नूतनीकरणाच्या आणि विवरणांच्या तारखा एका दिनदर्शिकेत मांडेल, बदल अर्ज राहिला असेल तर तगादा लावेल. यात अडचणी येतात. तो कोणाचा कर्मचारी, सुट्टी कोणाकडे मागायची, एका संस्थेचं अनुदान बंद पडलं तर तिचा वाटा कोण भरणार? म्हणून सुरुवातीलाच लेखी करार हवा, प्रत्येक संस्थेचा टॅलीचा डेटा वेगळा हवा, आणि एक वाटा कमी पडला तर निदान तीन महिने भागेल इतकी अनामत सगळ्यांनी मिळून ठेवायला हवी. ही अनामत द्यायला एखादा देणगीदार तयार झाला, तर चार-पाच संस्थांतल्या सगळ्या पर्यवेक्षिका रात्रीच्या अहवालातून सुटतील.